दावणीपासून निशाणापर्यंत

बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. कल्याण-नगर रस्त्यावरचं हे गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, म्हणून बैलबाजाराला जुन्नर-आंबेगावची माणसं येतात तशी पलीकडून पारनेरचीही येतात. या बाजारात शेतीचा बैल बघणारा कोण आणि शर्यतीच्या गाड्याचा बैल बघणारा कोण, हे लांबूनही कळतं. शेतीवाला खांदा बघतो, छाती बघतो, ओढीला कसा आहे ते विचारतो. गाड्याचा शौकीन आधी खाली वाकतो. मागचे पाय सरळ आहेत का, नळी बारीक आहे का, खूर मिटलेले आहेत का, हे झालं की कातडी चिमटीत धरून तिचा पातळपणा जोखतो. मग खालचा ओठ दाबून दात. दुधाचेच दात असतील तर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळला. दुसा साधारण दोन-अडीच वर्षांचा असतो, जुळायला साडेचार-पाच वर्षं लागतात. भोवरे कुठे आहेत तेही बघतात, आणि त्यावर दोन म्हातारे हमखास भांडतात. शेवटी मागे सरून कोणीतरी एकदम टाळी वाजवतं. गोऱ्हा दचकून दाव्याला हिसका देतो की नुसते कान टवकारून उभा राहतो, यावर पुढची बोलणी होतात. नुसता बुजरा गोऱ्हा कोणाला नको असतो, आणि ज्याच्या अंगात अजिबात खळबळ नाही तोही नको असतो.

या आदत गोऱ्ह्याचं पुढे काय होतं, तो ‘घाटाचा राजा’ होतो तो कोणत्या पायऱ्या चढून, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्या पायऱ्यांचं काय झालं, हे एकत्र मांडलेलं फारसं वाचायला मिळत नाही. बैलगाड्यावर लिहिलं जातं ते एक तर परंपरेच्या अभिमानाने, नाही तर क्रौर्याच्या आरोपाने. मधली गोष्ट राहून जाते: शर्यतीचा धावपटू घडतो कसा?

जगात इतरत्र याचं उत्तर बऱ्यापैकी आखलेलं असतं. अमेरिकेतली स्टॉक कार शर्यत घ्या. तीही मुळात खेड्यापाड्यांतल्या, जत्रांतल्या मातीच्या रिंगणांवर वाढली. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी डेटोनात ‘नॅस्कार’ स्थापन करून तिला नियमांत बसवलं. आज तिथला पोरगा गावच्या छोट्या ट्रॅकवर शनिवारी रात्री गाडी पळवतो, मग ‘आर्का’ मालिका, मग ट्रक, मग दुय्यम मालिका आणि शेवटी कप. वयाची अट ठरलेली. कप मालिकेत अठरा वर्षांच्या आत उतरता येत नाही. २००८ साली जोई लोगानो अठराव्या वर्षीच तिथे पोहोचला, तेव्हा तो कुठून कसा आला हे आकड्यांत दाखवता येत होतं, कारण प्रत्येक पायरीवर नोंद होती.

आपल्या बैलगाड्याच्या घाटात अशी नोंद नाही. गुणतक्ता नाही, परवाना नाही, मोसमाची एकच एक विजेतेपदाची माळ नाही. तरीही पायऱ्या आहेत, आणि त्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

पहिली पायरी गोठ्यातली. गाड्यासाठी पसंती खिल्लारला: अंगाने कडक, पायाने चपळ, स्वभावाने तापट. ही जात मूळची माणदेशाकडची. सांगोला, खरसुंडी, म्हसवड या बाजारांशी इथल्या गाडामालकांचं जुनं जाणं-येणं आहे. आदत गोऱ्हा आणला की पहिलं वर्ष-दीड वर्ष त्याला पळवायचंच नसतं. खरारा, मालिश, माणसाच्या हाताची सवय, गर्दीची सवय, हलगीची सवय. कालव्याचं किंवा धरणाचं पाणी असेल तिथे पोहणी, कारण पोहण्याने दम वाढतो आणि सांध्यांवर भार येत नाही. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावात ऊस, द्राक्ष, टोमॅटो आणला आणि बैलाचं काम ट्रॅक्टरकडे गेलं. त्याच पाण्यात आता गाड्याचा बैल पोहायला शिकतो. खुराक हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर कोणी खरं बोलत नाही. उडदाचं भरडं, पेंड, दूध, अंडी, तूप इथपर्यंत सगळे सांगतात; पुढचं ज्याचं त्याच्यापाशी.

ही सगळी मेहनत घरातली पोरं करतात. शाळा सुटल्यावर वैरण टाकणारा पोरगा दोन-चार वर्षांत बैल धरायला लागतो, मग जुंपायला उभा राहतो, आणि अंगाने हलका, बैठकीचा पक्का असला तर घोडीवर जातो. गाड्यापुढे घोडी पळवणं ही या घाटांची खास गोष्ट, आणि त्या स्वाराइतका धोका दुसरं कोणी पत्करत नाही. मागून चार बैल भरधाव येत असतात. घोडी अडखळली तर पुढचं देवाच्या हातात. या पोरांची नावं बक्षिसाच्या पाटीवर क्वचित लागतात. (गोठा राखण्याचं काम वेगळंच. जुन्नरच्या उसात बिबटे आहेत, म्हणून लाखांचा बैल असलेल्या गोठ्याला आता जाळी, दिवा आणि कॅमेरा असतो, शेजारी माणसांच्या घराला नसला तरी.)

दुसरी पायरी जुंपणीची, आणि इथेच या खेळाचं खरं मर्म आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात गाडा चार बैलांचा असतो. एक जोडी गाड्याला, तिच्यापुढे दुसरी जोडी. गाडा म्हणजे अगदी हलका, नावापुरता. त्यावर हाकणारा बसत नाही. वर चढत जाणारी धाव, तिला घाट म्हणायचं. खाली सुरुवातीच्या रेषेवर दहा-बारा माणसं चार बैलांना थोपवून धरतात. चौघांचेही पाय एका वेळी जमिनीवर स्थिर व्हायला हवेत, आणि तसे ते होता होत नाहीत; एक जण मान टाकतो, दुसरा तिरका होतो, तिसऱ्याचा पाय दाव्यात अडकतो. ध्वनिक्षेपकावरचा माणूस तेवढ्यात गाडामालकाच्या आज्यापणज्याचं नाव घेऊन होतो. मग घोडी सुटते, बैल सुटतात, ‘भिर्रर्र’ अशी एकच आरोळी उठते, भंडाऱ्याचा पिवळा लोट उडतो आणि दहा-पंधरा सेकंदांत वरचं निशाण पडतं. झाली बारी. वर्षभराच्या मेहनतीला एवढाच वेळ.

त्या सेकंदांवर सगळं ठरतं. एका ठरावीक वेळेच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्याच्या पुढचे दुसऱ्यात. म्हणजे पहिला नंबर एकट्याचा नसतो आणि इनाम वाटून जातं. सगळ्यांत कमी वेळेत आलेला तो त्या दिवसाचा ‘घाटाचा राजा’.

कोवळा बैल या व्यवस्थेत शिरतो कसा? एकट्याच्या बळावर तो शिरूच शकत नाही. चारही नवखे बैल जुंपले तर गाडा सरळ वर जाण्याऐवजी प्रेक्षकांत जाईल. म्हणून तीन जाणते आणि एक नवा, असा हिशेब असतो. स्वतःच्या दावणीला चार तयार बैल असणारे मालक थोडे, त्यामुळे दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र जुंपतात. निकालाच्या पाटीवर त्याला ‘जुगलबंदी’ म्हणतात. चौशाचं नशीब बहुतेक वेळा इथे उघडतं. कोणाच्या तरी गाड्यात एक बैल लंगडतो, जागा भरायला शेजारगावचा नवा बैल मागून आणतात, तो चाकोरी न सोडता वरपर्यंत जातो, आणि पुढच्या जत्रेला त्याच्या मालकाला निरोप येतो. वेग कितीही असला तरी पहिल्यांदा बघितलं जातं ते हे: सोबतच्या बैलाला ओढून नेतो का, की त्याला आडवा जातो. मला हा खेळ आवडण्याचं मुख्य कारण हेच आहे. इथे वर चढणं म्हणजे इतर तिघांच्या पायात पाय मिळवणं.

आणि नाव? टोकन घेताना गाडा बैलाच्या नावाने लागत नाही. पाटीवर ‘कै.’ लावलेला आजोबा असतो, नाही तर ‘कु.’ लावलेली तीन वर्षांची नात. मधल्या पिढीचा, प्रत्यक्ष पैसा आणि घाम घालणारा माणूस मागे राहतो. घराण्याचा गाडा किती पिढ्यांचा आहे हे त्यातून सांगितलं जातं, आणि आंबेगावच्या एखाद्या घाटात ते पहिल्या नंबराच्या बक्षिसापेक्षा महत्त्वाचं ठरू शकतं. बैलाची कीर्ती मात्र पाटीबाहेर, तोंडातोंडी फिरते.

महाराष्ट्रात सगळीकडे असं नाही. सातारा-सांगलीकडे छकडी पळते: दोन बैल, हाकणारा गाडीवर, सपाट मैदान, शेजारी शेजारी अनेक गाड्या. तिथे गट, मग सेमीफायनल, मग फायनल अशी चाळणी असते, आणि आदत बैलांची वेगळी मैदानं भरवतात. विदर्भात शंकरपट, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत गाड्या पळतात. या सगळ्यांत कोवळ्या जनावराच्या दृष्टीने सातारा-सांगलीची पद्धत मला उजवी वाटते. दातावर गट पाडला की दुशाला जुळलेल्या बैलाशी टक्कर द्यावी लागत नाही. शिवाय जोडीतला बैल लवकर ओळखू येतो, म्हणूनच ‘बकासुर’ किंवा ‘हेलिकॉप्टर बैज्या’ ही नावं शर्यतीचा गंध नसलेल्या पोरांनाही ठाऊक असतात. घाटात चौघांच्या सेकंदांतून एकाचं श्रेय वेगळं काढायला जाणता डोळाच लागतो.

आता शर्यतबंदीच्या मधल्या खंडाकडे येऊ, कारण आजची परिस्थिती त्याच्याशिवाय समजत नाही. जुलै २०११ मध्ये केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत, अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंगतीला, बैल आणून बसवला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि घोष यांच्या त्या निकालातला एक मुद्दा गाडामालकांना फार लागला: बैल हा ओझं ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखी त्याच्या शरीराची ठेवण धावण्याची नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने वाट मोकळी करणारी अधिसूचना काढली, तिला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी लोक उतरले, तमिळनाडूने कायदा बदलला, पाठोपाठ महाराष्ट्राने बदलला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रोखला. २०१८ साली प्रकरण घटनापीठाकडे गेलं. राज्याने दरम्यान बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांचा अहवाल करून घेतला. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरात आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी झुगारून शर्यत घेतली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

वकिलांसाठी ही तारखांची यादी आहे. गोठ्यासाठी ती साडेसात वर्षं आहेत. २०१४ साली चौसा असलेला बैल परवानगी आली तेव्हा अकरा वर्षांचा होता, म्हणजे म्हातारा. त्या वर्षी जन्मलेलं वासरू जुळून, भर उमेदीत येऊन, तेही उताराला लागलं होतं. पळण्याच्या वयाची एक अख्खी पिढी दावणीला उभी राहिली. अधूनमधून आडरानात, पहाटे, चोरून बाऱ्या झाल्या, गुन्हे दाखल झाले. पण चोरून होणाऱ्या शर्यतीत नव्या बैलाला कोण आणणार? तिथे पळतो तो तयार बैल. तीन जाणत्यांत एक नवा, हा जो शिकवण्याचा क्रम होता तोच तुटला. माणसांचंही तेच. वीस वर्षांचा घोडीस्वार सत्तावीस-अठ्ठावीसचा झाला, संसाराला लागला.

याच काळात दुसरा कायदा आला. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. आधी ती गाईपुरती होती. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बरंच बोलून झालं आहे, ते इथे उगाळत नाही. पण बेल्ह्यासारख्या बाजारात त्याचा परिणाम शर्यतबंदीला जोडूनच बघावा लागतो. नांगर ट्रॅक्टरने नेला होता, घाट न्यायालयाने बंद केला होता, आणि उतरलेल्या बैलाचं गिऱ्हाईकही गेलं. मग नर वासरू पाळायचं कशासाठी? २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गोवंशाची संख्या २०१२ च्या मानाने सहा टक्क्यांनी घटलेली दिसते. त्यात शर्यतबंदीचा वाटा किती हे कोणी मोजलेलं नाही, आणि ‘शर्यत बंद म्हणून खिल्लार संपली’ हा दावा जसाच्या तसा मला पटत नाही. ट्रॅक्टरचा वाटा नक्कीच मोठा आहे. पण माणदेशात खिल्लार गाय ठेवणाऱ्याला तिचा गोऱ्हा विकून चार पैसे मिळतील ही आशा होती, आणि घाटाचा शौकीन हे तिथलं एक पक्कं गिऱ्हाईक होतं, हे नाकारता येत नाही.

परवानगी आली ती राजकारणाच्या खांद्यावर बसून. १ जानेवारी २०२२ ला आंबेगावातल्या लांडेवाडीच्या घाटात पहिली मोठी शर्यत ठरली होती. करोनाचं कारण देऊन प्रशासनाने ती आयत्या वेळी थांबवली, आलेले गाडे परत गेले. फेब्रुवारीत खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबाच्या घाटात खासदार अमोल कोल्हे स्वतः गाड्यापुढे घोडीवर बसले; माजी खासदार आढळराव पाटलांशी चाललेल्या जाहीर आव्हानांचा तो शेवट होता, आणि स्वार म्हणून त्यांनी ते नेटकं निभावलं हे विरोधकांनीही मान्य करावं. मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत आमदार महेश लांडगे यांच्या पुढाकाराने भरलेल्या शर्यतीत बक्षिसाला जेसीबी, ट्रॅक्टर, बोलेरो उभे होते. पुढच्या वर्षी सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत पैलवान चंद्रहार पाटलांनी थार गाडी लावली. त्याच्या आधी सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीच्या साथीने राज्यातले जनावरांचे बाजार बंद पडले होते, बेल्ह्याचाही सोमवार सुना गेला. पण साथ ओसरताच भाव पुन्हा चढले.

जेसीबी आणि थारने खेळ शहरांपर्यंत पोहोचवला, यात वाद नाही. कोवळ्या बैलाला मात्र या बक्षिसांनी अडचणीत टाकलं. गावच्या चैत्रातल्या जत्रेत बक्षीस भांड्याचं, फेट्याचं, थोड्या रोख रकमेचं असायचं. तिथे हरलं तर काही बुडत नव्हतं, म्हणून मालक नवा बैल जुंपून बघायचा. थार पणाला लागली की कोणी बघायला म्हणून जुंपत नाही. नवख्याची जागा विकतच्या तयार बैलाने भरली जाते. पैसेवाला मालक गोऱ्हा वाढवत नाही, कोणाच्या तरी चार वर्षांच्या मेहनतीनंतर घाटात चमकलेला बैल उचलतो. विकणाऱ्या शेतकऱ्याला एकरकमी मोठी रक्कम मिळते, तीत त्याचं कर्ज फिटतं, मुलीचं लग्न होतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण मग पळण्याच्या वयात बैलाच्या दावणी बदलत राहतात, आणि ज्या पोराच्या आवाजावर तो स्थिर उभा राहायचा तो पोरगा सुरुवातीच्या रेषेवर नसतो. अशा वेळी बैलाला सोडायला काय काय वापरलं जातं, हे घाटात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणजे प्रश्न पुन्हा क्रौर्यापाशी येतो. २०१७ च्या कायद्यात बैलाला इजा करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, हजार मीटरपेक्षा लांब धाव नको, काठी-चाबूक-विजेचा झटका नको, हे सगळं लिहिलेलं आहे. शर्यतविरोधकांना ‘शहरी, शेण न लागलेले’ म्हणून उडवून लावायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ती आळशी पद्धत आहे. न्यायालयापुढे शेपट्या चावल्याचे, आरा टोचल्याचे जे पुरावे गेले ते कोणी हवेतून आणले नव्हते, आणि गावोगावच्या बुजुर्ग गाडामालकांनीही त्या गोष्टींना कधी मान दिलेला नाही. जो बैल मारून पळवावा लागतो तो गाड्याचा नव्हे, असं तेच सांगतात. ज्या घाटात तालुक्याची जाणती माणसं पंच म्हणून उभी असतात तिथे नियम पाळले जातात. जिथे आयोजकाचं लक्ष व्यासपीठावरच्या पाहुण्यांकडे असतं तिथे कागद फाइलमध्ये राहतो.

घाटांनी सातारा-सांगलीकडून दातावरचे गट उचलायला हरकत नाही. सकाळच्या पहिल्या तासात फक्त चौशांपर्यंतच्या बैलांच्या बाऱ्या, बक्षीस मुद्दाम लहान, आणि निकालात मालकाबरोबर चारही बैलांची नावं. एवढं एखाद्या यात्रा कमिटीने मनावर घेतलं तर परवानगीच्या अर्जात एक ओळ वाढते, बाकी काही नाही. बैलाची वेळ घाटागणिक बदलते, कारण लांबी आणि चढ सारखा नसतो, म्हणून घाटाचं माप पाटीवर लिहायची सवयही लागायला हवी. साडेबारा सेकंद कुठले, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि जे चढतच नाहीत, त्यांचं काय? दहा गोऱ्ह्यांत एखादा घाटात नाव काढतो, असं गाडामालक बोलून जातात. उरलेले पूर्वी मोट-नांगराला लागायचे, पुढे ट्रॅक्टर परवडत नसलेल्या डोंगरकडच्या, भातखाचराच्या शेतकऱ्याकडे जायचे. आता पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातही पॉवर टिलर पोहोचला आहे. न पळणारा चौसा पोसायचा तर रोजचा वैरणीचा खर्च आहे, आणि विकायचा तर विचारणारा कमी. गोशाळांची दावण भरलेली असते. शर्यत सुरू झाल्याने नर वासराला किंमत आली हे खरं, पण ती आशेची किंमत आहे, आणि तीन-चार वर्षांनी तिचा हिशेब करायची वेळ येते तेव्हा बैलगाडा संघटना, पुढारी आणि प्राणिमित्र या तिघांपैकी कोणीही त्या गोठ्यात उभं नसतं.